फ्लॉरेन्सची पेठ

इटलीस जाणाऱ्या आपल्याकडील प्रवाशाच्या हाती सहलीचा जो छापील कार्यक्रम असतो, त्यात फ्लॉरेन्स नगरीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. आणि त्या एका दिवसाचेही दोन तुकडे पाडून पहिला ‘प्रेक्षणीय स्थळांसाठी’ व दुसरा ‘खरेदीसाठी मोकळा’ म्हणून राखलेला असतो. पूर्वार्धात प्रवासी मान उंचावून घुमट, पुतळे व चित्रे पाहतो, ते कर्तव्यबुद्धीने. उत्तरार्धात मान खाली घालून चामड्याच्या पिशव्या न्याहाळतो, ते मनापासून. आणि रात्री मुक्कामी परतल्यावर दुसऱ्या भागातच आपला जीव अधिक रमला, याची त्याला थोडीशी लाजही वाटते. ही लाज अनाठायी आहे. राजांनी शोभा आणली आणि त्या शोभेच्या आश्रयाने मागाहून बाजार वाढला, अशी नगरे जगात पुष्कळ आहेत. फ्लॉरेन्सचा वृत्तांत नेमका उलट आहे. येथे बाजार आधी होता, आणि घुमट, पुतळे व चित्रे ही त्या बाजाराच्या शिलकेतून उभी राहिली. तेव्हा या शहरात दुकानापुढे थबकणारा मनुष्य, डोळे उघडे ठेवील तर, इतिहासाच्या मुळापाशीच उभा असतो.

आर्नो नदीच्या काठी वसलेल्या या नगरराज्यात तेराव्या शतकाच्या अखेरीस राजा नव्हता, आणि पिढीजात सरदारांनाही कारभारात थारा नव्हता. १२९३ च्या कायद्याने सत्ता व्यापारी व कारागिरांच्या श्रेणींकडे गेली. अशा श्रेणी एकंदर २१ होत्या. त्यांपैकी सात थोरल्या आणि चौदा धाकट्या. थोरल्यांत न्यायाधीश व दस्तलेखक, परदेशी कापडाचे व्यापारी, लोकरवाले, रेशीमवाले, सराफ, वैद्य व औषधविक्रेते आणि फरवाले. धाकट्यांत खाटीक, लोहार, मोची, गवंडी, भटारी इत्यादी. श्रेणीच्या नोंदवहीत नाव नसेल त्याला सरकारी अधिकारपद मिळत नसे, आणि म्हणून महाकवी दान्ते यालाही वैद्यांच्या श्रेणीत नाव नोंदवावे लागले. चित्रकारही त्याच श्रेणीत मोडत, कारण त्यांचे रंग औषधविक्रेत्यांकडेच मिळत. अर्थात ज्यांच्या चित्रांपुढे आज तासन् तास रांगा लागतात, ते नगराच्या दप्तरी काढे व चूर्णे विकणाऱ्यांचे सोबती होते.

या नगराने १२५२ साली सोन्याचे नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, एका बाजूस नगराचे चिन्ह असलेले कमळासारखे लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूस नगराचा पालक संत योहान. आणि कस असा चोख की थोड्याच काळात सबंध युरोपात हेच नाणे विश्वासाचे म्हणून चालू लागले. येथल्या पेढ्या इंग्लंडच्या राजाला युद्धासाठी कर्ज देत, आणि राजाने ते बुडवले तेव्हा चौदाव्या शतकाच्या मध्यास बार्दी व पेरुत्सी या दोन थोर पेढ्यांचे दिवाळे निघण्यास तेही कारण झाले. या सराफांविषयी एक गोष्ट आपणांस विशेष वाटेल. हिंदुस्थानातून अरबांमार्फत युरोपात गेलेले अंक वह्यांमध्ये लिहिण्यास त्यांच्या श्रेणीने १२९९ साली मनाई केली होती. या अंकांत फेरफार करणे सोपे, शून्याचे सहा अथवा नऊ कोणीही करील, अशी भीती. पुढे हिशेबाच्या कलेत याच नगराने आघाडी मारली, ही गोष्ट निराळी. १४२७ मध्ये तर प्रत्येक कुटुंबप्रमुखाकडून स्थावर-जंगम मिळकत, येणे-देणे आणि घरातील खाणारी तोंडे यांची लेखी जबानी घेऊन, दर तोंडामागे ठरावीक सूट देऊन, करआकारणी करण्यात आली. ते कागद अद्याप जतन केलेले आहेत, आणि त्यांत मोठमोठे शिल्पकार आपल्या दारिद्र्याचे रडगाणे गाताना आढळतात. करवसुलीच्या अधिकाऱ्यापुढे थोर कलावंतही सामान्य गृहस्थासारखाच बोलतो.

आता सकाळच्या प्रहरी दर्शनास निघावयाचे ते मुख्य देवालयापासून. या देवालयाच्या बांधकामाची देखरेख लोकरवाल्यांच्या श्रेणीकडे होती, आणि त्याच्या समोरील अष्टकोनी स्नानविधीमंदिराची कापडवाल्यांच्या. १४०१ साली या कापडवाल्यांनी मंदिराच्या ब्राँझ-दारांसाठी स्पर्धा लावली. बायबलातील इसाकच्या बलिदानाचा प्रसंग उठावात घडवून दाखवावा, अशी अट होती. गिबर्ती जिंकला, ब्रुनेलेस्की हरला, आणि हरलेल्याने पुढे वास्तुविद्येत असे काही केले की त्याचा पराभव हा जगावर झालेला उपकारच म्हटला पाहिजे. देवालयाच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, परंतु मधली पोकळी सुमारे ४५ मीटर रुंदीची, आणि एवढा अवकाश जमिनीपासून लाकडी सांगाड्याचा टेकू देऊन झाकावयाचा तर तितके लाकूड व तितका पैसा आणावा कोठून, या विवंचनेत लोकरवाले पडले होते. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत तो घुमट टेकूवाचून उभारला: एकात एक अशी दोन कवचे, आणि विटांची रचना अशी तिरपी व एकमेकींत गुंतलेली की प्रत्येक थर पुरा होताच आपला भार आपणच पेलू लागे. विटा चाळीस लाखांहून अधिक लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. ४६३ पायऱ्या चढून दोन कवचांमधल्या चिंचोळ्या वाटेने वर जाता येते. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी अवश्य जावे, कारण ती गुंफण हाताने चाचपून पाहता येण्याजोगी दुसरी जागा नाही. संगमरवरी दर्शनी भिंत मात्र एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि माझ्या मते तिच्यापुढे फार वेळ उभे राहण्याचे कारण नाही.

देवालयाकडून दक्षिणेस नदीकडे जी सरळ वाट जाते ती पायमोजे करणाऱ्यांची गल्ली. पुढे फरवाल्यांची गल्ली आहे, नदीकाठी रंगाऱ्यांची आहे. पुण्यात तांबट आळी, कासार आळी अशी नावे जशी धंदा उठून गेला तरी राहिली, तसेच हे. या वाटेवर चौकोनी किल्ल्यासारखी एक इमारत लागते, आणि शेकडा नव्वद प्रवासी तिच्याकडे न पाहता पुढे जातात. तिचे नाव ओर्सान्मिकेले. मला विचाराल तर, फ्लॉरेन्समध्ये एकच वास्तू पाहण्याइतका अवकाश असेल, तर ती हीच पाहावी. १३३७ मध्ये हिचे बांधकाम सुरू झाले ते धान्याचा बाजार म्हणून: खाली खांबांवर उघडा मंडप, वरच्या मजल्यांवर दुष्काळासाठी साठवणीची कोठारे. पुढे खालच्या मंडपातील मेरीमातेच्या एका चित्राची कीर्ती वाढली, नवस बोलणाऱ्यांची दाटी होऊ लागली, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांना तेथून हलावे लागले. कमानी बुजवून मंडपाचे देऊळ झाले. परंतु कोठारातून धान्य खाली सोडण्यासाठी खांबांत ठेवलेली भोके आजही आत गेल्यावर दिसतात, आणि वेदीच्या इतक्या जवळ ती पाहताना देव व दाणागोटा यांत या लोकांनी फारसे अंतर मानले नव्हते, हे ध्यानात येते.

बाहेरच्या बाजूस भिंतीत कोनाडे आहेत. प्रत्येक कोनाडा एकेका श्रेणीचा. आपापल्या पालक-संताची मूर्ती तेथे बसवावी, असा नगराचा हुकूम होता. मग श्रेणीश्रेणींत जी चुरस लागली तीतून पंधराव्या शतकातील शिल्पकला घडली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तागाच्या कापडाच्या व्यापाऱ्यांनी आणि चिलखतवाल्यांनी शिल्पकार दोनातेल्लोला बोलावले. कापडवाल्यांनी गिबर्तीकडून योहानाची मूर्ती संगमरवराऐवजी अनेक पटींनी महागड्या ब्राँझची करवून घेतली, आणि मग सराफांनाही ब्राँझच हवे झाले. गवंडी व सुतार यांची श्रेणी तितकी सधन नव्हती. त्यांनी चार संत एकाच कोनाड्यात बसवले, आणि मूर्तींच्या पायाशी गवंडी, शिल्पी आपल्या हत्यारांनी काम करीत असल्याचे कोरून घेतले. हे चार दगडी संत मला ब्राँझच्या त्या उंच योहानापेक्षा प्रिय आहेत. मूळ मूर्ती आता बहुतेक वरच्या मजल्यावरील संग्रहालयात आहेत, आणि कोनाड्यांत प्रतिकृती.

येथून दोन मिनिटांवर नव्या बाजाराचा मंडप. ‘नवा’ म्हणावयाचा, पण बांधला १५५० च्या आसपास कोसिमो मेदिची याने, ज्याच्या घराण्याकडे तोवर नगराची सत्ता गेली होती, तोही रेशीम व सोने यांच्या उलाढालीसाठी. पुढे येथे गवताच्या टोप्या विकल्या जाऊ लागल्या आणि आज चामड्याची पाकिटे, पट्टे, शाली. याच्या मधोमध फरशीत एक वाटोळी संगमरवरी चकती बसवलेली आहे. वरती गिऱ्हाइकांची एवढी वर्दळ असते की ती सापडण्यास दुकानदाराला थोडे सरकावयास सांगावे लागते. दिवाळखोराला भर बाजारात आणून, त्याची विजार उतरवून, या दगडावर त्याचा पार्श्वभाग आपटण्याची शिक्षा होती. पत हाच ज्या नगराचा प्राण, तेथे पत गेलेल्याची ही विटंबना म्हणजे कायद्याचाच एक भाग. मंडपाच्या कडेला पिएत्रो ताक्काच्या ब्राँझ रानडुकराची प्रतिकृती आहे. त्याचे नाक चोळून चकाकून गेलेले असते, आणि त्याच्या तोंडात ठेवलेले नाणे घसरून खालच्या जाळीतून आत पडले तर आपण पुन्हा या नगरात येतो, असा समज आहे. लोक या डुकराभोवती गर्दी करतात आणि दिवाळखोरांच्या दगडावर नकळत पाय देऊन जातात.

सिन्योरिया चौकाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याची वर्णने सर्वत्र आहेत. मायकेलअँजेलोचा दाविद हा पुतळा येथे १५०४ मध्ये उभा झाला, १८७३ मध्ये त्याला अकादमीच्या इमारतीत हलवले, आणि आज चौकात दिसते ती नक्कल. परंतु खरेदीस निघालेल्या माणसाने फरशीतील एक वर्तुळाकार शिला शोधावी. सावोनारोला या संन्याशाला १४९८ मध्ये तेथे फाशी देऊन जाळले. त्याच्या सुमारे वर्षभर आधी याच चौकात त्याच्या उपदेशावरून आरसे, अत्तरे, गंजिफा, वाद्ये, भरजरी वस्त्रे यांची प्रचंड होळी झाली होती. व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याने ती सबंध रास विकत घेण्याची बोली लावली, तेव्हा लोकांनी त्याचीच प्रतिमा करून राशीवर चढवली, असे सांगतात.

शेजारची उफित्सी ही आज चित्रांसाठी जगप्रसिद्ध, पण वास्तुकार वसारीने ती बांधावयास घेतली १५६० मध्ये आणि सरकारी कचेऱ्यांसाठी. सर्व खाती आपल्या नजरेखाली असावीत, हा कोसिमोचा हेतू. दिवसभराच्या प्रवाशाने तेथे सर्व दालने पाहण्याचा हव्यास धरू नये. तिकीट आगाऊ राखून बोत्तिचेल्लीच्या दोन-तीन चित्रांपुढे बसावे आणि निघावे. सोमवारी ती बंद असते. मात्र एका स्त्रीचे नाव तेथे मनात असू द्यावे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ च्या करारात, राज्य दुसऱ्या वंशाकडे जाताना, घराण्याचा सर्व संग्रह राज्याची शोभा, लोकांचा लाभ आणि परदेशीयांचे कुतूहल यांसाठी असून त्यातली एकही वस्तू येथून हलवता येणार नाही, अशी अट घातली. सर्व काही विकणाऱ्या या पेठेतला हा एकच माल कायमचा न विकाऊ ठरला, आणि परदेशी प्रवाशाची तरतूद तिने आधीच करून ठेवली.

दुपारी पोटपूजेसाठी बसण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे की कॉफी उभ्याने घेतली तर एक दर, आणि टेबलाशी बसून घेतली तर दुसरा, बराच चढा. येथला पाव अळणी असतो. तो शिळा झाल्यावर घेवडा व पालेभाज्यांत शिजवून जे घट्ट कढण करतात, ते शाकाहारी माणसास चालण्यासारखे आहे, पण रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारून घ्यावे.

चामड्याच्या खरेदीविषयी प्रवाशांत फार अज्ञान आहे, म्हणून थोडे विस्ताराने. सान लोरेन्झोच्या परिसरातल्या पथाऱ्यांवर ‘अस्सल चामडे’ असा शिक्का सर्वच पिशव्यांवर असतो, आणि तो बहुतेक वेळा खोटाही नसतो. परंतु चामडे कोणते, कमावले कशाने आणि पिशवी शिवली कोठे, याविषयी तो मौन पाळतो. फ्लॉरेन्स व पिसा यांच्या दरम्यान आर्नोच्या खोऱ्यात सांता क्रोचे नावाच्या गावी व आसपास कातडी कमावण्याचे कारखाने आहेत. तेथे जुन्या पद्धतीने, चेस्टनटसारख्या झाडांच्या अर्कात आठवडेच्या आठवडे बुडवून कमावलेले कातडे प्रथम कडक व फिकट असते, त्याला झाडपाल्याचा वास येतो, आणि वापरता वापरता ते गडद व मऊ होत जाते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे एका दिवसात तयार होते, पहिल्यापासून मऊ व एकरंगी असते, पण वयाने त्याची शोभा वाढत नाही. कोल्हापूरचे कारागीर चपलांसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावतात, त्यामागचे रसायन हेच; म्हणून ज्याने कोऱ्या कोल्हापुरी चपलेचा वास घेतला आहे, त्याला फ्लॉरेन्समध्ये शिक्का वाचण्याची गरज पडू नये. शहरातल्या सांता क्रोचे देवालयामागे, जुन्या मठाच्या दालनांत, दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना धंदा शिकवण्यासाठी फ्रान्सिस्कन साधूंनी दोन चर्मकार कुटुंबांच्या साहाय्याने काढलेली शाळा आहे. तेथे कारागीर बाकावर काम करताना दिसतात आणि माल विकतही मिळतो. दर चढे आहेत. पण आत देवालयात मायकेलअँजेलो, माक्याव्हेल्ली व गॅलिलिओ यांच्या समाधी, आणि मागे टोच्याची ठकठक, असा योग दुसरीकडे जुळत नाही.

पथारीवर घासाघीस चालते, दुकानात नाही. नामांकित पेढीची नक्कल रस्त्यावर स्वस्तात घेतली तर विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही जबर दंड होतो. परदेशी प्रवाशाने एका दुकानात ७० युरोहून अधिक खरेदी केली तर कराचा काही भाग परत मिळतो. त्यासाठी पारपत्र दाखवून कागद करून घ्यावे आणि युरोपीय संघाचा मुलूख सोडताना जकात अधिकाऱ्यांकडून ते मंजूर करून घ्यावेत. आणखी एक खुबी: येथे घरांचे क्रमांक काळे अथवा निळे आणि दुकानांचे लाल, अशा दोन स्वतंत्र मालिका आहेत. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ अक्षर असेल तर लाल आकडा शोधावा. नाहीतर गल्लीच्या भलत्याच टोकाला कोणा गृहस्थाची घंटा वाजवून त्याची वामकुक्षी मोडल्याचे पाप लागते.

तिसऱ्या प्रहरी जुन्या पुलाकडे, पोंते वेक्क्योकडे यावे. १३३३ च्या महापुरात आधीचा वाहून गेल्यावर १३४५ मध्ये हा बांधला. तीनच चपट्या कमानी, जेणेकरून पुराला वाट राहावी. त्यावर दुकाने पहिल्यापासून होती, आणि पुढे त्यांत खाटकांची वस्ती झाली, कारण टाकाऊ आतडी खाली नदीत फेकता येत. १५६५ मध्ये वसारीने नदीपलीकडच्या पित्ती राजवाड्यापासून उफित्सीतल्या कचेऱ्यांपर्यंत जाण्यासाठी दुकानांच्या माथ्यावरून राजघराण्याची झाकलेली वाट नेली, आणि मग दुर्गंधी राजनासिकेपर्यंत पोहोचली. १५९३ च्या फर्मानाने फेर्दिनांदो मेदिची याने खाटकांना हुसकून सोनारांना तेथे आणले. सोनारांकडून भाडेही अधिक येत असावे, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. तेव्हापासून आजवर तेथे सोनारच आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे सर्व पूल उडवले, हा एक ठेवला. आणि ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात पाणी दुकानांतून आरपार गेले तरी तो टिकला. सोने घ्यावयाचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्याकडील बायकांना १८ कॅरटचे सोने हलके वाटते आणि घडणावळ ऐकून त्या पुढे सरकतात.

पुलापलीकडे पित्ती राजवाड्याच्या भोवती कारागिरांच्या गल्ल्या आहेत. तेथे पाण्यावर रंग तरंगवून, फणीने त्यांच्या लाटा काढून, कागद अलगद टेकवून उचलण्याची कला चालू आहे. ही तुर्कस्तान-इराणकडून आलेली. आपल्या दख्खनेत विजापूरच्या चित्रकारांनीही सतराव्या शतकात अशाच अब्री कागदावर चित्रे केली, तेव्हा हा कागद विकत घेणारा मराठी माणूस परकी वस्तू घेतो असे नाही. तो हलका असतो आणि सामानात मोडत नाही, हा व्यावहारिक लाभ निराळा.

संध्याकाळी प्रकाश असेल तर मराठी प्रवाशाने आणखी एक फेरी करावी, जी छापील कार्यक्रमांत सहसा नसते. नदीच्या काठाकाठाने पश्चिमेस काशीने नावाचे लांबच लांब उद्यान आहे. स्थानकावरून ट्रामने त्याच्या पूर्वटोकाशी उतरून चालत दुसऱ्या टोकापर्यंत जावे. तेथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वयाच्या विसाव्या वर्षी वारले. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते, आणि दहन ही त्या देशात अपरिचित गोष्ट. तरी अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली व नदीसंगमावर हिंदू विधीने दहन झाले. १८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली: फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला रंगीत अर्धपुतळा, चार बाजूंस चार भाषांतील लेख, आणि छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. महाराजांनी इंग्रजीत लिहिलेली प्रवासाची रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. फ्लॉरेन्सच्या लोकांनी पुतळ्याला ‘इंडियानो’ म्हटले, आणि शेजारी विसाव्या शतकात झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडले. त्यामुळे टॅक्सीवाल्याला कोल्हापूर समजावून सांगत बसावे लागत नाही.

याच उद्यानात मंगळवारी सकाळी आठवडी बाजार भरतो. भांडीकुंडी, कपडे, भाजी, चीज, जुनेपाने, आणि गिऱ्हाईक बहुतांशी गावचेच. आपला दिवस मंगळवार असेल तर सारा क्रम उलटा करावा: आधी हा बाजार आणि छत्री, मग ट्रामने परत शहरात, आणि देवालये दुपारनंतर. बाजार दुपारी उठतो.